सहाय्यित मृत्यूचा कायदा, मृत्युपत्र आणि वारसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमधल्या मराठी घरांतून आणि त्यांच्या पुण्या-ठाण्याकडच्या नातेवाइकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. कायदा मुख्यतः इंग्लंड आणि वेल्सचा आहे. स्कॉटलंडचं सगळं निराळं असतं, तिथल्या मंडळींनी हे वाचून निर्णय घेऊ नयेत. तुमची कागदपत्रं वकिलाला दाखवण्याची गरज या पानाने टळत नाही.

१. मृत्युपत्र, इच्छापत्र, लिव्हिंग विल, इच्छामरण: हे सगळं एकच का?

नाही. पण मराठीत हा घोळ होणारच, कारण 'इच्छा' आणि 'मृत्यू' हे दोनच शब्द चारही ठिकाणी फिरत असतात.

मृत्युपत्र आणि इच्छापत्र ही एकाच कागदाची दोन नावं. माझ्या पश्चात कुणाला काय द्यायचं, एवढंच त्यात असतं आणि माणूस गेल्यावरच ते लागू होतं. लिव्हिंग विल माणूस जिवंत असताना, पण बोलू शकत नसताना उपयोगी पडतं. कोणते उपचार नकोत हे त्यात लिहायचं, पैशाअडक्याबद्दल एक अक्षरही नाही. इच्छामरण हा सैल शब्द आहे. उपचार थांबवणं आणि मरणासाठी मदत घेणं, दोन्हीला लोक तेच म्हणतात. या पानावर 'सहाय्यित मृत्यू' म्हटलं की अर्थ एकच: डॉक्टरांनी दिलेलं औषध रुग्णाने स्वतःच्या हाताने घेणं.

मृत्युपत्र आणि लिव्हिंग विल एकाच कागदावर मात्र लिहू नका. मृत्युपत्र आपण कपाटात कुलूपबंद ठेवतो. लिव्हिंग विल तर रात्री दोन वाजता रुग्णालयात हाताशी लागतं.

२. इंग्लंडमध्ये कायदा नेमका काय आहे? ते संसदेतलं विधेयक म्हणजे काय?

१९६१ च्या सुइसाइड ॲक्टने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा राहिला नाही. मात्र दुसऱ्याला त्यासाठी मदत करणं किंवा उत्तेजन देणं हा गुन्हा राहिला आणि त्याला १४ वर्षांपर्यंत कैद आहे.

खासदार किम लेडबीटर यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये मांडलेलं विधेयक हाऊस ऑफ कॉमन्सने २० जून २०२५ रोजी ३१४ विरुद्ध २९१ मतांनी संमत केलं आणि ते लॉर्ड्सकडे, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाकडे गेलं. खाली 'मसुदा' म्हटलं की कॉमन्सने संमत केलेला हाच मजकूर समजावा. तो १८ वर्षांवरच्या, सहा महिन्यांत मृत्यू अपेक्षित असलेल्या, किमान १२ महिने इंग्लंड-वेल्समध्ये राहणाऱ्या रुग्णांसाठी आहे. दोन डॉक्टर तपासणार, मग कायदेतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजकार्यकर्ता असं तिघांचं पॅनेल मान्यता देणार. असा कायदा संसदेने केला तरी तो प्रत्यक्ष सुरू व्हायला मसुद्यातच चार वर्षांपर्यंतची मुदत आहे. तोवर १९६१ चाच कायदा चालतो, म्हणून खालचे तीन-चार प्रश्न जुन्या कायद्याचे आहेत.

३. आई सहाय्यित मृत्यूसाठी स्वित्झर्लंडला जायचं म्हणतेय. मी तिकीट काढून सोबत गेलो तर माझा वारसा जाईल का?

जाऊ शकतो. बहुतेकांना हे माहीतच नसतं. त्यांना भीती पोलिसांची वाटते, पण धोका घराचा असतो.

इंग्लिश कायद्यात 'फॉरफिचर रूल' नावाचा जुना नियम आहे. ज्याने एखाद्याचा बेकायदा जीव घेतला, त्याला त्या माणसाच्या मरणातून लाभ घेता येत नाही. १८८९ मध्ये लिव्हरपूलच्या फ्लॉरेन्स मेब्रिक यांना नवऱ्यावर विषप्रयोग केल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं. पुढे १८९२ मध्ये नवऱ्याच्या विम्याचे पैसे त्यांना मिळणार नाहीत, असं अपील न्यायालयाने सांगितलं. नियम खुनी माणसासाठी घडला होता. १९९७ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की आत्महत्येला मदत करणाऱ्यालाही तो लागू आहे.

मदत म्हणजे काय? कागदपत्रं गोळा करणं, अर्ज भरून देणं, तिकीट काढणं, सोबत जाणं यांतलं बरंचसं त्यात येऊ शकतं. तिकडे स्वित्झर्लंडच्या दंडसंहितेचं कलम ११५ फक्त स्वार्थी हेतूने केलेल्या मदतीला शिक्षा देतं, म्हणून झुरिकमध्ये तुम्ही गुन्हेगार नसता. पण विमानात बसायच्या आधी लंडनमधल्या जेवणाच्या टेबलावर तुम्ही जे केलंत, त्याला इंग्लंडचा कायदा लागतो.

खटला भरलाच गेला नाही तरी हा नियम लागू होऊ शकतो. सरकारी वकिलांचं २०१० पासूनचं जाहीर धोरण आहे: मदत करणारा निव्वळ करुणेपोटी वागला असेल तर खटला भरण्याकडे कल कमी. त्याला मृत्यूनंतर थोडाफार लाभ होणार असेल तरी खरा प्रश्न हेतूचा मानला जातो. म्हणजे पोलीस फाइल बंद करतात आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. वारसा हा दिवाणी मामला असतो, तो तिथे बंद होत नाही. मृत्युपत्राचा एक्झिक्युटर (त्याप्रमाणे वाटणी करणारा) प्रामाणिक असेल तर तोच विचारतो, 'हा वाटा मी तुम्हाला देऊ शकतो का?'

मला यातली विसंगती नेहमी खुपते. सोबत जाऊन हात धरणारी मुलगी या नियमात सापडते. वर्षभर फोन न केलेला आणि आईला कंटाळा आणणारा मुलगा सापडत नाही, कारण त्याने 'मदत' केलेली नसते.

४. मग वाटा गेला तर गेला? कोर्टात काही करता येतं का?

येतं. १९८२ च्या फॉरफिचर ॲक्टने न्यायालयाला हा नियम सैल करण्याचा, अगदी पूर्ण माफ करण्याचाही अधिकार दिला. खुनासाठी दोषी ठरलेल्याला मात्र ही वाट बंद आहे. शिक्षा झाली असेल तर तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. ही मुदत चुकवू नका.

स्वित्झर्लंडच्या प्रकरणांत न्यायालयं आजवर समजूतदारपणे वागली आहेत. २०१९ मध्ये एका पत्नीला पूर्ण माफी मिळाली. नवऱ्याला असाध्य मेंदूविकार होता, तिने त्याचं मन वळवायचा प्रयत्न केला होता, पण शेवटी कागद भरून ती सोबत गेली. २०२४ मध्ये एका पतीलाही अशीच माफी मिळाली. पण माफी मागावी लागते. वकील, न्यायालय, महिनोन्महिने गोठलेली इस्टेट, आणि माणूस गेल्याचं दुःख नुकतंच झालेलं असताना 'मी मदत केली' असं शपथेवर लिहून देणं.

माफी मिळाली नाही, तरी १९७५ च्या कौटुंबिक तरतुदीच्या कायद्याखाली जोडीदार किंवा आश्रित म्हणून वाजवी तरतूद मागण्याचा हक्क उरतो. त्याची मुदत साधारणपणे प्रोबेट (मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता) मिळाल्यापासून सहा महिने.

५. घर दोघांच्या नावावर आहे. ते तर आपोआप माझ्या नावावर होतं ना? मृत्युपत्राचा संबंधच काय?

'जॉइंट टेनन्सी' असेल तर एरवी तसंच होतं. मागे राहिलेल्याकडे पूर्ण घर येतं, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. फॉरफिचर लागू झाला की ही साखळी तुटते. जाणाऱ्याचा अर्धा भाग त्याच्या इस्टेटीत जातो आणि पुढे मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाक्रमाप्रमाणे वाटला जातो. आपल्या बहुतेक जोडप्यांचं मोठं धन म्हणजे घरच, त्यामुळे प्रश्न ४ मधला अर्ज बहुतेक वेळा याच अर्ध्या घरासाठी असतो.

६. माझा वाटा गेला तर माझ्या मुलांनाही काही मिळणार नाही का?

पूर्वी नातवंडांचंही नुकसान होत असे. २०११ च्या कायद्याने ते थांबलं. वाटा गमावलेली व्यक्ती आधीच वारली होती असं धरून पुढचा हिशेब करतात, त्यामुळे एरवी तुमच्या पश्चात तुमच्या मुलांकडे जे गेलं असतं ते त्यांना मिळू शकतं. मृत्युपत्रात वेगळं काही लिहिलेलं असेल तर ते चालतं.

७. नवा कायदा आला तर ही फॉरफिचरची कटकट संपेल का?

मसुद्यातल्या चौकटीत राहून केलेली मदत गुन्हा राहणार नाही. गुन्हा नाही तर फॉरफिचरही नाही. चौकटीबाहेर मात्र सगळं जुनंच राहील. मोटर न्यूरॉन आजाराच्या किंवा पार्किन्सन्सच्या रुग्णाला सहा महिन्यांची अट कित्येकदा फार उशिरा लागू होते. नुकतेच भारतातून आलेले सासू-सासरे १२ महिन्यांच्या अटीत बसत नाहीत. अशी माणसं झुरिकला गेली तर सोबत जाणाऱ्यासाठी प्रश्न ३ आणि ४ जसेच्या तसे उभे राहतील.

८. मृत्युपत्रात माझं नाव आहे. बाबांच्या अर्जावर मी साक्षीदार म्हणून सही करू शकते का?

मसुद्याप्रमाणे नाही. मृत्युपत्रात आपल्याला काही मिळणार हे माहीत असलेली, किंवा मृत्यूने दुसरा कुठलाही आर्थिक लाभ होणार असलेली व्यक्ती साक्षीदार होऊ शकत नाही. रुग्णाला सही करता येत नसेल तर त्याच्या वतीने सही करायलाही ती चालत नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांनाही हीच अट आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये असा कायदा १९९७ पासून चालू आहे, तिथे दोनपैकी एक साक्षीदार नातेवाईक किंवा लाभार्थी नसलेला लागतो. कॅनडात आता एकच साक्षीदार पुरतो, पण तोही लाभार्थी असून चालत नाही.

मृत्युपत्राच्या साक्षीदारांचा नियम वेगळा आहे, तो इथे मिसळू नका. इंग्लंडच्या १८३७ च्या विल्स ॲक्टप्रमाणे लाभार्थीने किंवा त्याच्या जोडीदाराने मृत्युपत्रावर साक्ष केली तर मृत्युपत्र टिकतं, पण त्याला दिलेली वस्तू रद्द होते. सुनेने सही केली आणि मुलाचा वाटा गेला, असं त्यामुळे खरोखर होऊ शकतं. भारतीय वारसा कायद्याच्या कलम ६७ मध्ये असाच नियम आहे, पण तो हिंदूंच्या मृत्युपत्रांना लागू नाही. म्हणून पुण्याच्या सवयीने लंडनमध्ये सह्या घेऊ नका.

९. पॅनेलने मान्यता दिली म्हणजे बाबा शुद्धीत होते हे सिद्ध झालं. मग मृत्युपत्राला कोण आव्हान देणार?

हा गैरसमज मला सगळ्यात महागात पडणारा वाटतो.

पॅनेलपुढचा प्रश्न 'हा माणूस स्वतःच्या मरणाचा निर्णय समजून, दबावाशिवाय घेतोय का' एवढाच आहे. क्षमता २००५ च्या मेंटल कपॅसिटी ॲक्टने मोजली जाणार. मृत्युपत्रासाठी न्यायालयं अजूनही १८७० च्या एका निकालातली कसोटी लावतात: आपण मृत्युपत्र करतोय हे कळतंय का, आपल्याकडे साधारण काय काय आहे हे ठाऊक आहे का, आपल्यावर कुणाकुणाचा हक्क आहे याचं भान आहे का, आणि एखाद्या भ्रमामुळे हा निर्णय बदललेला तर नाही ना. मरणाबद्दल पूर्ण स्पष्ट असलेला माणूस मॉर्फिनच्या गुंगीत पुण्याचा फ्लॅट विसरू शकतो. धाकट्या भावाने कर्ज फेडलं नाही अशी खोटी समजूतही त्याच्या मनात असू शकते.

मसुद्यात पॅनेलने मृत्युपत्र बघावं असं कुठेही नाही. दबाव आहे का हे विचारणार, पण गेल्या महिन्यात मृत्युपत्र बदललं का, हे विचारणं कुणाचंच काम नाही. ही फट आहे असं माझं मत. कायदा करणाऱ्यांनी मरणाची दारं नीट राखली, पण तिजोरीच्या दाराशी कुणी उभं नाही.

उलट बाजूही आहे. दोन डॉक्टरांच्या भेटी, पहिल्या तपासणीनंतर सात दिवस, मान्यतेनंतर चौदा दिवस (महिन्याभरात मृत्यू अपेक्षित असेल तर ४८ तास) थांबणं, पॅनेलपुढचं बोलणं, या सगळ्याची नोंद राहणार. पुढे मृत्युपत्रावर वाद झाला की हेच कागद पुरावा म्हणून मागवले जातील. ते तुमच्या बाजूने असतील असं गृहीत धरू नका. निदानानंतर मृत्युपत्र करायचंच असेल तर वकिलांचा जुना शिरस्ता पाळा: आजारी माणसाचं मृत्युपत्र डॉक्टरांनी तपासून, शक्य तर त्यांच्याच साक्षीने करावं.

१०. भावाने आईवर दबाव टाकला अशी मला शंका आहे. काय होऊ शकतं?

दोन वेगळे दबाव ओळखा. एक मरणाच्या अर्जासाठी, दुसरा मृत्युपत्रासाठी.

पहिला मसुद्यात गंभीर गुन्हा आहे. फसवून किंवा दबाव टाकून अर्जावर सही करायला लावलं तर १४ वर्षांपर्यंत, आणि औषध घ्यायला लावलं तर जन्मठेपेपर्यंत. गुन्हा म्हटला की फॉरफिचर आलाच, म्हणजे त्या भावाचा वाटा जाऊ शकतो. दुसऱ्या दबावामुळे मृत्युपत्र रद्द होऊ शकतं. पण तो सिद्ध करण्याचा भार आव्हान देणाऱ्यावर असतो आणि तो जड असतो. आग्रह, रडणं, 'मी तुझ्यासाठी इतकं केलं' हे ऐकवणं पुरेसं ठरत नाही. माणसाची स्वतःची इच्छाच चिरडली गेली होती हे दाखवावं लागतं.

आणि दबाव नेहमी माणूसच आणतो असं नाही. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांपेक्षा जास्त मालमत्ता असलेल्याला केअर होमचा खर्च स्वतः करावा लागतो, आणि घरात जोडीदार राहत नसेल तर घरही त्या हिशेबात येतं. 'माझ्यामागे मुलांना काही उरणारच नाही' हे वाक्य आई स्वतःहूनच म्हणते. त्यात भावाचा दोष किती आणि फीच्या बिलाचा किती, हे कुठलंही पॅनेल मोजू शकेल असं मला वाटत नाही.

११. मृत्युपत्रात अट घालता येईल का? म्हणजे 'मी असा मार्ग निवडला आणि मुलाने कोर्टात अडवलं तर त्याला काही नाही' असं?

ज्याला मालमत्ता मिळते त्याच्या वागण्यावर अट घालणं इंग्लंडमध्ये अशक्य नाही. मुलाच्या बाजूने प्रश्न ४ मधला १९७५ चा कायदा तरीही उभा राहतो. उलट दिशेची अट फार धोक्याची आहे: आजोबांनी आपल्या मृत्युपत्रात 'आजीने हा मार्ग घेतला तर तिचा हिस्सा बंद' असं लिहिणं. ओरेगॉनच्या कायद्याने याची आधीच दखल घेतली आहे. अर्ज करावा किंवा करू नये यावर परिणाम करणारी मृत्युपत्रातली किंवा करारातली अट तिथे निरर्थक ठरते.

१२. विमा कंपनी 'ही आत्महत्या' म्हणून पैसे नाकारेल का?

ब्रिटनमधल्या बहुतेक जीवन विमा पॉलिसींत आत्महत्येचा अपवाद पहिल्या १२ महिन्यांपुरता असतो. जुनी पॉलिसी असेल तर ही काळजी सहसा उरत नाही. ओरेगॉनच्या कायद्यात तर स्पष्टच लिहिलंय की नियमाप्रमाणे झालेला असा मृत्यू आत्महत्या मानायचा नाही आणि त्याने विम्यावर परिणाम होणार नाही.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कित्येक पॉलिसींत 'टर्मिनल इलनेस बेनिफिट' असतो: आयुष्य १२ महिन्यांपेक्षा कमी उरलंय असं डॉक्टरांनी सांगितलं की पूर्ण रक्कम हयातीतच मिळते. मसुद्याची अट सहा महिन्यांची आहे, म्हणजे तिथवर पोचलेला रुग्ण बहुधा आधीच पात्र असतो. पॉलिसी ट्रस्टमध्ये असेल तर पैसे कुणाकडे जातील हे आधी विचारा.

१३. तारीख आपण ठरवणार असू तर वारसा कर वाचवता येतो का?

हा प्रश्न लोक दबकत विचारतात, पण विचारतात. ३,२५,००० पौंडांवर ४० टक्के कर लागतो, जोडीदाराला दिलेलं करमुक्त असतं, आणि दिलेली भेट पूर्ण करमुक्त व्हायला देणाऱ्याने सात वर्षं जगावं लागतं. सहा महिन्यांच्या रुग्णाला सात वर्षांचा नियम उपयोगाचा नाही. २०२४ च्या अर्थसंकल्पात मात्र जाहीर झालं की ६ एप्रिल २०२७ पासून न वापरलेलं पेन्शनही या कराच्या कक्षेत येणार. अशा सीमारेषेजवळ आजारी माणसाच्या कानावर 'एप्रिलच्या आधी' हे शब्द पडू नयेत. करसल्लागाराशी बोलायचंच तर आजारी माणसासमोर नको.

१४. पुण्यातला फ्लॅटही जाईल का?

स्थावर मालमत्ता जिथे असते तिथलाच कायदा तिला लागतो, म्हणून लंडनचं घर आणि कोथरूडचा फ्लॅट यांचं भवितव्य वेगळं असू शकतं. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम २५ प्रमाणे खून करणारा किंवा खुनाला साह्य करणारा वारस ठरत नाही. हे तत्त्व त्याहून जुनं आहे. मुंबई इलाख्यातून गेलेल्या एका खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय) १९२४ मध्येच ते मान्य केलं होतं. पण कलमाचे शब्द खुनापुरते आहेत, आत्महत्येला साह्य त्यात नाही. तो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ मध्ये आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या कृत्यालाही ही संहिता लागू होते, म्हणून पासपोर्ट भारतीय असेल तर वकिलाला ते पहिल्यांदा सांगा.

सोसायटीत नॉमिनी कोण आहे याचा इथे उपयोग नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

१५. आम्ही भारतात आहोत. बाबांचं लिव्हिंग विल होतं आणि मी व्हेंटिलेटर काढायला संमती दिली. बहीण म्हणते, तू वारस राहिला नाहीस.

बहिणीचं चुकतंय. मुंबईच्या केईएममधल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये उपचार थांबवण्याची वाट किलकिली केली. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने लिव्हिंग विलला मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. उपचार थांबवण्याचा निर्णय रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळं घेतात, तुम्ही त्यात फक्त संमती देता. याला खून म्हणत नाहीत, आत्महत्येला साह्यही म्हणत नाहीत. प्रश्न १४ मधली कलमं लागू होत नाहीत. मंडळांच्या कागदांच्या प्रती मात्र जपून ठेवा.

१६. आमचं गोव्याचं घर आहे. तिथे वेगळं आहे का?

वारशाबाबत हो. गोव्यात मुलांना आणि ठरावीक वारसांना निम्मी मालमत्ता सक्तीने जाते, मृत्युपत्राने उरलेली निम्मीच हवी त्याला देता येते. त्यामुळे शेवटच्या दिवसांत मृत्युपत्र बदलून घेण्याचा मोह तिथे अर्ध्यावर येतो.

१७. मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहितील? इकडच्या बँकेत, सोसायटीत दाखवायची पंचाईत होईल.

मसुद्याप्रमाणे दाखल्यावर सहाय्यित मृत्यू अशी नोंद आणि मूळ आजार, दोन्ही येतील. कॅनडातल्या ओंटारियोत मूळ आजारच कारण म्हणून नोंदतात. भारतातल्या बँकेला किंवा सोसायटीला मृत्यू झाल्याचा पुरावा हवा असतो, कारणाशी त्यांना देणंघेणं नाही. कुणी टेबलापलीकडून भुवया उंचावल्या तर उंचावू द्या. ब्रिटनच्या दाखल्यावर ॲपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र) मात्र लागेल. दोन-तीन प्रमाणित प्रती एकदमच काढून घ्या, एक बँकेकडे अडकते, दुसरी तलाठ्याकडे.